वाईटपणा कोण घेणार?

चाकणला आमच्या ग्राहकाच्या गोदामात मी दोन दिवस उभी होते. २०१६ चा जुलै. पत्र्यावर पावसाचा असा मारा चालला होता की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागत होतं. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यातून गेलेले ६४० नग मी आणि आमची दोन पोरं एकेक करून मोजत होतो. हाऊसिंगच्या, म्हणजे बेअरिंग धरून ठेवणाऱ्या धातूच्या कवचाच्या, बोअरमध्ये (आतल्या गोल भोकात) बेअरिंग बसेना, म्हणून त्यांची लाइन थांबली होती. बोअर लहान भरत होता. किती लहान, तर १५ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. तेवढ्यानं सगळं अडलं होतं. त्यांचा इन्स्पेक्टर दर तासाला येऊन माझ्या पाठीमागे उभा राहायचा आणि काही न बोलता निघून जायचा.

साताऱ्यात परतल्यावर दोष सापडायला फार वेळ लागला नाही. बोअर मोजायचं डायल गेज, म्हणजे काट्याचं मापयंत्र, आधी एका सेटिंग रिंगवर शून्याला लावून घेतात. रिंगचं माप पक्कं, त्यावरून गेजचा शून्य पक्का, आणि त्या शून्यावरून दिवसभरातल्या शेकडो नगांचं माप. सगळा भरवसा त्या एका रिंगवर. खंडेनवमीला आम्ही मशिनींबरोबर त्या रिंगांनाही हळदकुंकू वाहतो, ते उगाच नाही. मी ती रिंग हातात घेतली आणि आतून नख फिरवलं. एका जागी ते अडलं. डोळ्यांना दिसत नव्हता, पण बारीकसा उंचवटा होता. रिंग कधीतरी पडली होती. त्या उंचवट्यामुळे शून्यच चुकीच्या जागी लागत होता, त्यामुळे चांगला बोअर मोठा दिसायचा, आणि ऑपरेटर मशिनला ऑफसेट, म्हणजे मापातली दुरुस्ती, देऊन तो लहान करायचा. माणसं आपलं काम चोख करत होती आणि प्रत्येक नग चुकत होता.

सीसीटीव्हीत रात्रपाळीचं चित्र सापडलं. कंत्राटदाराकडचा पोरगा, वीस-एकवीस वर्षांचा, मेढ्याच्या बाजूच्या गावाहून येणारा. रिंग त्याच्या हातातून निसटली, फरशीवर आपटली, मशिनखाली घरंगळली. त्यानं गुडघ्यांवर बसून ती काढली. शर्टाच्या टोकानं पुसली. दिव्याकडे धरून आरपार बघितली. मग मान वळवून डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि रिंग डबीत ठेवून झाकण लावलं.

त्याचं ते आजूबाजूला बघणं मी अजून विसरलेले नाही.

त्याच संध्याकाळी कंत्राटदाराला निरोप गेला, ‘उद्यापासून त्याला पाठवू नका.’ निर्णय वरचा होता, पण मी हरकत घेतली नाही. ग्राहकाला द्यायच्या अहवालावर सहीसुद्धा माझीच होती. त्या अहवालात ‘का?’ हा प्रश्न पाच वेळा विचारायचा असतो. ही टोयोटाच्या कारखान्यांतून जगभर गेलेली पद्धत, वरवरच्या कारणावर न थांबता मुळापर्यंत जायची. नग का चुकले? गेजचा शून्य चुकला म्हणून. शून्य का चुकला? रिंग खराब झाली म्हणून. रिंग का खराब झाली? पडली म्हणून. पडल्यावर ती बाजूला का काढली नाही? पडल्याचं कुणी सांगितलं नाही म्हणून. का सांगितलं नाही?

पाचव्या रकान्यात मी लिहिलं, ‘ऑपरेटरचे प्रशिक्षण अपुरे.’ पुढे उपाय म्हणून, ‘सर्व ऑपरेटरना पुन्हा प्रशिक्षण देण्यात आले.’ ग्राहकानं अहवाल मान्य केला. मोजायची वस्तू पडली तर सांगावं, हे कळायला प्रशिक्षण लागत नाही. ते मला त्या दिवशीही ठाऊक होतं. त्या रकान्यात मी खोटं लिहिलं.

खरं उत्तर दोन आठवड्यांनी मिळालं. आमच्याकडे एक जुने ऑपरेटर होते, सगळा शॉप, म्हणजे आमचा मशिनींचा विभाग, त्यांना मामा म्हणायचा, मीही. दुपारच्या चहाला ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि कपाकडे बघत म्हणाले, “मॅडम, त्या रात्री पोरगं माझ्याकडं आलं हुतं. सांगू का मॅडमला, म्हणालं. मीच म्हणलं, गप बस. कशाला वाईटपणा घेतोस.”

“असं का म्हणालात?”

“आठ दिवस आधी त्या सेटरला तुमी काय बोलला, ते समद्यांनी ऐकलं हुतं न्हवं.”

आठ दिवस आधी एका सेटरकडून, म्हणजे मशिन कामाला लावून देणाऱ्याकडून, मशिनच्या प्रोग्रॅममध्ये आकडा चुकला होता. चार नग वाया गेले होते. तो स्वतः माझ्याकडे आला होता, कुणी पकडून आणला नव्हता. आणि मी दहा-बारा माणसांसमोर त्याला म्हणाले होते, “डोळे घरी ठेवून येता काय?” एवढंच वाक्य. मी ते विसरूनही गेले होते. पण ते वाक्य रात्रपाळीपर्यंत गेलं, कंत्राटी पोरांपर्यंत गेलं. पडलेली रिंग हातात घेऊन उभ्या असलेल्या त्या पोराला जे ऐकू आलं असेल, ते हेच. त्याला सांगायची इच्छा होती. तो मामांना विचारायला गेला, यातच ते आलं. आणि मामांनी त्याला गप्प बसवलं ते मायेपोटी. पुढे पोराला काढल्यावर सगळ्या शॉपला पटलं की मामा बरोबर होते, त्याचा घात झाला तो कॅमेऱ्यानं केला. एका निरोपानं आम्ही शंभर माणसांना एकच धडा दिला, की लपवायचं तर नीट लपवा.

मी त्या पोराचा शोध घेतला. तो हायवेवरच्या एका धाब्यावर कामाला लागला होता. मी माफी मागितली, परत ये म्हणाले. तो खाली बघून “नको मॅडम, इथं बरं हाय” एवढंच म्हणाला. ते मी स्वीकारलं. स्वीकारण्यावाचून मला दुसरा हक्कही नव्हता.

तेव्हापासून ‘वाईटपणा’ हा शब्द माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आपण तो किती सहज बोलतो. ‘मला कशाला वाईटपणा देता’, ‘तू सांग, मी वाईटपणा घेणार नाही’, ‘शेवटी वाईटपणा माझ्याच पदरात’. यात वाईट कृत्याचा काही संबंध नाही. वाईट करणारा वेगळाच असतो. जो ते बोलून दाखवतो त्याच्या पदरात जे पडतं, त्याला आपण वाईटपणा म्हणतो. भावकीतल्या बांधाच्या भांडणापासून पतसंस्थेच्या सभेपर्यंत सगळीकडे हा हिशेब चालतो आणि लहानपणापासून तो शिकवला जातो. मोठ्यांच्या तोंडाला लागू नये. आपण बरं, आपलं काम बरं. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरात या म्हणींनी नाती टिकत असतीलही. कारखान्यात झाकलेल्या मुठीत पडलेली रिंग असते.

पुण्याला एका प्रशिक्षणात मी ‘मानसिक सुरक्षितता’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला, तेव्हा तो मला परका वाटला. सुरक्षितता म्हटलं की आमच्यासमोर हेल्मेट, गॉगल आणि सेफ्टी शूज येतात. पण शिकवणारीनं त्याचा अर्थ सांगितला तेव्हा मी मनात लगेच आपल्या बोलीत आणून ठेवला. चूक सांगताना, शंका विचारताना, साहेबाशी असहमत होताना ज्याला वाईटपणा घ्यावा लागत नाही, तो माणूस तिथे सुरक्षित. त्यात गोडगोड वागणं नाही, कामात ढिलाई नाही. चूक ती चूकच राहते, १५ मायक्रॉन ते १५ मायक्रॉनच. फक्त ती सांगणाऱ्याला शिक्षा नाही.

तिथेच हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांच्या कामाबद्दल कळलं. १९९० च्या दशकात त्या रुग्णालयांत औषध देण्यात होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. ज्या वॉर्डांत माणसं एकमेकांशी चांगली जुळलेली, तिथे चुका कमी असतील असं त्यांना वाटत होतं. आकडे उलटे आले. चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त! मग उलगडा झाला की त्या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, त्या बोलल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या गिळल्या जात होत्या. पुढे १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतल्या ५१ गटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हेच सूत्र होतं. जिथे निर्धास्तपणे बोलता येतं, तिथे माणसं शिकतात, आणि शिकतात म्हणून काम सुधारतं.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गेटजवळचा फलक आला. ‘अपघाताविना दिवस’ आणि पुढे रोज वाढत जाणारा आकडा. त्या आकड्याचा आम्हाला अभिमान होता, वर्षाच्या शेवटी सगळ्यांना मिठाईचा पुडा मिळायचा. आता विचार करा, ज्याच्या बोटाला बर, म्हणजे नगाची धारदार कड, लागून रक्त आलं, तो माणूस शंभर जणांच्या मिठाईवर पाणी सोडून नोंद करायला जाईल? तो बोटाला चिंधी गुंडाळतो आणि वर हातमोजा घालतो. मी पुढे हातमोजे काढून बघायला लागले. कितीतरी बोटांना चिंध्या होत्या. शून्य हा आकडा मला तेव्हापासून खुपतो. गेजचा शून्य खोटा निघाला होता, आणि हाही.

तिसरा शून्यही होता. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून २०१३ मध्ये कायदा झाला. त्याच्या आधी १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल होता. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा. आमच्याकडे हे सगळं होतं. मी स्वतः त्या समितीवर होते. दरवर्षीच्या अहवालात तक्रारींच्या पुढे आम्ही शून्य लिहायचो आणि समाधानानं फाइल बंद करायचो. मग एकदा मी ती सूचना कुठे लावली आहे हे बघायला गेले. ऑफिसच्या भिंतीवर, इंग्रजीत. वॉशिंग आणि पॅकिंगला काम करणाऱ्या कंत्राटी बायकांना त्या भिंतीपर्यंत जायचं काही कारणच नव्हतं. आम्ही ती सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत, बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत लावली. सोबत बाहेरच्या सदस्य बाईंचा फोन नंबर. एक दिवस त्या बाईंना बोलावून दार लावून सगळ्याजणी गप्पा मारत बसलो. चार महिन्यांनी पहिली तक्रार आली. काय होती ते इथे लिहिणार नाही. कायदाही ते गुप्तच ठेवायला सांगतो. त्या वर्षी शून्याच्या जागी १ लिहिताना माझा हात थांबला नाही, एवढं मात्र सांगते.

इथे मला माझी स्वतःची एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. १९९९ मध्ये कराडला डिप्लोमा करून मी पहिल्यांदा शॉपवर उभी राहिले तेव्हा तिथे दुसरी बाई नव्हती. बायकांसाठी संडास नव्हता. स्त्रियांसाठी वेगळी सोय असावी हे १९४८ च्या कारखाने कायद्यात लिहिलेलं होतं, पण ५१ वर्षांत ते आमच्या शॉपपर्यंत पोचलं नव्हतं. मी सकाळी घरून निघताना पाणी प्यायचं बंद केलं. दुपारी डब्याबरोबर दोन घोट. उन्हाळ्यात डोकं ठणकायचं. पण मी बोलले नाही. सांगायचं कुणाला, आणि सांगायचं काय? नुकती लागलेली पोरगी, पहिलीच मागणी ही करणार? उद्या म्हणतील, म्हणूनच बायका नकोत.

बोलले ते मामा. एका मीटिंगमध्ये उठून म्हणाले, “साहेब, पोरगी दिवसभर पाणी पीत न्हाई. बाईमाणसाची काय सोय करायची का न्हाई?” तेव्हाचे साहेब म्हणाले, “तुला कुणी वकीलपत्र दिलं?” महिन्याभरात संडास बांधून झाला, आणि मामांना सलग तीन महिने रात्रपाळी लागली.

मला हे ठाऊक होतं. १७ वर्षांनी तेच मामा एका पोराला ‘वाईटपणा घेऊ नकोस’ सांगतात तेव्हा ते कुठून आलंय, हे मला सांगायला कुणाची गरज नव्हती. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. माझं जळलं होतं. तरी खुर्ची मिळाल्यावर मी त्या साहेबांच्याच जागी जाऊन उभी राहिले आणि मला ते कळलंही नाही.

सात नोव्हेंबरला आता आपल्याकडे विद्यार्थी दिवस असतो. १९०० मध्ये याच दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. २०१८ मध्ये माझ्या मुलीला शाळेत त्यावर बोलायचं होतं. ओट्याशी उभी राहून ती पाठ करत होती आणि मी पोळ्या लाटत होते. वर्गात कोपऱ्यात वेगळं बसायचं, बसायला घरून गोणपाट आणायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावणार नाही. नळाला हात लावायची मुभा नाही, शिपायानं नळ सोडला तरच पाणी. शिपाई नाही, तर पाणी नाही. बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींत ते असंच लिहून ठेवलंय. मुलगी ते वाक्य तीन-तीनदा म्हणत होती आणि माझं लाटणं थांबलं होतं.

माझ्या त्या तहानेची या तहानेशी तुलना मी करत नाही, ती करूच नये. मी ज्या घरात जन्मले तिथे पिढ्यान्‌पिढ्या कुणाला पाण्यासाठी शिपायाची वाट बघावी लागली नव्हती. माझी अडचण एका भिंतीची होती, त्यांची जन्माची केली गेली होती. पण त्या वाक्यानं मला माझा दोन वर्षांपूर्वीचा शॉप दाखवला. शाळेत पाणी होतं, नळ होता. फक्त तिथपर्यंत जायला मध्ये दुसरा माणूस लागत होता. आमच्याकडेही ‘केबिनचं दार सगळ्यांना उघडं आहे’ असं मी अभिमानानं सांगायचे. पण सकाळच्या मीटिंगला फक्त कायम कामगार उभे राहायचे. कंत्राटी पोरांना त्या वेळात मशिनी पुसायला लावायचं. त्यांना काही सांगायचं तर मामांसारख्या कुणाला गाठायचं, त्यांनी ते योग्य वाटलं तर पुढे न्यायचं. मामा नाहीत, तर शब्द नाही. त्या रात्री मामा होते, पण शब्द पुढे गेला नाही.

याच साताऱ्यात १९२४ पासून कर्मवीर भाऊराव पाटलांचं वसतिगृह चाललं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र रांधायची, एका पंगतीला जेवायची. पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. ही गोष्ट आमच्याकडे शाळेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. मला तिच्यातली पंगत महत्त्वाची वाटते. भाऊरावांनी आधी समतेवर व्याख्यान देऊन मग जेवायला बसवलं नाही. आधी एका चुलीवर भाकऱ्या भाजायला लावल्या.

आमच्या कॅन्टीनमध्ये नवा माणूस आला की आधी आडनाव विचारलं जातं. आडनावावरून कळलं नाही तर गाव. गावावरूनही कळलं नाही तर ‘पाव्हणं कोण?’ तीन प्रश्नांत त्याचं टेबल ठरतं. हे कुणी दुष्टपणानं करत नाही, म्हणून तर ते पकडीत येत नाही. डब्यांची टेबलं मी किती वर्षं बघत होते, पण कोण कुठे बसतं हे कधी मनात मांडलंच नव्हतं. मांडल्यावर दिसलं, की दोन टेबलांवरची माणसं मीटिंगमध्येही कधी बोलत नाहीत.

‘सामावून घेणं’ या शब्दाबद्दलही मला शंका येते. आपण म्हणतो, सुनेला त्यांनी छान सामावून घेतलं. पण सामावायला आकसून घेतं कोण? बहुतेक वेळा सूनच. तिचं जेवण, तिची हाक मारायची तऱ्हा, तिची झोपायची वेळ. घर आहे तसंच राहतं. कारखान्यातही आम्ही बायकांना, अपंगांना, वेगळ्या वस्तीतल्या पोरांना ‘घेतो’, आणि मग वाट बघतो की ते आमच्यासारखे होतील.

२०१६ च्या दिवाळीनंतर मी सकाळच्या मीटिंगला कंत्राटी पोरांनाही उभं करायला लागले. वरून विरोध झाला, दहा मिनिटं गुणिले चाळीस माणसं, असा हिशेब मला दाखवला गेला. मी ६४० नगांचा हिशेब दाखवला. पहिल्या दिवशी मी ती खराब रिंग टेबलावर ठेवली आणि तिची सगळी गोष्ट सांगितली. सेटरला काय बोलले होते तेही, आणि सेटर समोर उभे असताना त्यांची माफी मागितली. अहवालाच्या पाचव्या रकान्यात काय लिहायला हवं होतं, तेही सांगितलं. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, दुसऱ्या महिन्यातही नाही. मशिनींवर आम्ही लाल दिवे बसवले, काही बिघडलं की बटण दाबायचं. सहा महिने एकही दिवा लागला नाही. मला वाटायचं, आपण माफी मागितली म्हणजे झालं. लोक माझी माफी ऐकत नव्हते. पहिला लाल दिवा लागेल तेव्हा मी काय करते, याची ते वाट बघत होते.

पहिली बोलली ती इन्स्पेक्शनच्या बाकावरची एक मावशी. सगळे गेल्यावर ती मागे थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “मॅडम, रागावणार न्हाई न्हवं?” मी नाही म्हणाले. “मला व्हर्नियरवरचं आकडं दिसत न्हाईत. वरीस झालं. शेजारची सांगती, मी लिवते.”

माझ्या तोंडाशी आलं होतं, ‘वर्षभर?’ वर्षभरात तिच्या हाताखालून किती नग गेले असतील याचा हिशेब डोक्यात सुरूही झाला होता. मी तो आवाज गिळला. एवढंच विचारलं, “लांबचं दिसतं का?” लांबचं दिसत होतं. चाळिशीच्या आसपास जवळचं अंधूक व्हायला लागतं, माझंही झालं होतं, मी पोवई नाक्यावर जाऊन चष्मा करून आणला होता. तिला वाटत होतं, डोळे गेले हे कळलं की कंत्राटदार काढून टाकणार. तिला चष्मा मिळाला. बाकावर मोठ्या आकड्यांचं डिजिटल व्हर्नियर आलं. मग सगळ्यांचे डोळे तपासून घेतले, तर आणखी सातजण निघाले. त्यांत दोन कायम कामगार, आणि एक आमचे अकाउंटंट.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मावशीनं स्वतःच सगळ्यांना सांगितलं. नवा चष्मा डोळ्यांवर होता. त्या आठवड्यात पहिला लाल दिवा लागला.

सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. कायम आणि कंत्राटी यांच्या टोप्यांचे रंग अजून वेगळे आहेत, मी दोनदा लेखी विचारलं, दोनदा ‘बघू’ आलं. कंत्राटी माणसाला बोललास तर काढणार नाही असा शब्द मी देऊ शकते, पण त्याचं कंत्राटच संपलं तर तो शब्द कोरडाच. ज्याची नोकरी महिन्याच्या पगारपत्रकावर टांगलेली आहे, त्याच्याकडून आम्ही धाडसाची अपेक्षा करतो, हे मला अन्यायाचंच वाटतं. कॅन्टीनमधली ती दोन टेबलं अजून वेगळी आहेत. मी रोज टेबल बदलून जेवते. माझ्याशेजारी माणसं बसतात, पण मी उठले की परत आपापल्या जागी जातात. हे काम मला अजून जमलेलं नाही.

मामा गेल्या मार्चमध्ये निवृत्त झाले. त्याच्या आधीच्या आठवड्यात सकाळच्या मीटिंगमध्ये एक ट्रेनी पोरगी सांगत होती की काल तिच्या मशिनवर इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं छोटं पातं, तुटला आणि काही नग खराब झाले. मी लगेच विचारलं, “किती वाजता? किती नग? बाजूला काढलेस का?” ती अडखळली. बरं म्हणून खाली बघायला लागली.

मामा मागे उभे होते. तिथूनच म्हणाले, “मॅडम, तिचं पुरं हुंद्या की. तुमी मधीच इचारता, मग पोरं निम्मंच सांगत्यात. लय वर्सं झाली, म्या बघतोय.”

चाळीस माणसं एकदम शांत झाली. कंप्रेसरचा आवाज तेवढा येत होता. माझे कान गरम झाले. मनात आलं, आठ वर्षं मी हे सगळं उभं करतेय आणि मलाच असं सगळ्यांसमोर? ते किती क्षण टिकलं, सांगता येत नाही. मग मामांच्या त्या तीन महिन्यांच्या रात्रपाळ्या आठवल्या.

“बरोबर आहे, मामा,” मी म्हणाले. “सांग गं. मी मध्ये बोलत नाही.”

पोरीनं एक श्वास घेतला. अकरा नग, लाल क्रेटमध्ये वेगळे ठेवलेत, ती म्हणाली. पण तिला सांगायचं होतं ते वेगळंच होतं. तो इन्सर्ट नव्या पेटीतला होता, आणि त्याच पेटीतले आणखी दोन शेजारच्या मशिनवर तसेच तुटले होते. पेटीतच काहीतरी दोष असणार, बाकीच्या मशिनींना त्यातला इन्सर्ट लावू नये. तिनं खिशातून रुमाल काढला, त्यात गुंडाळलेले ते तिन्ही तुकडे टेबलावर रिंगच्या शेजारी ओळीनं मांडले, आणि एकेकाची तुटलेली कड बोटानं दाखवू लागली. मामा गर्दीतून पुढे आले आणि चष्मा कपाळावरून खाली ओढून वाकून बघायला लागले.